कॉमिक्सची पेटी मृगाआधी उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत जुनं कॉमिक कोट्यवधींना विकलं गेल्याची बातमी छापून आली, की आपल्याकडेही माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. एप्रिल २०२४ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. सुपरमॅनचा हा पहिला अंक. जून १९३८ चा, छापील किंमत १० सेंट. दुसऱ्या महायुद्धात तिकडे कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, घरोघरची कॉमिक्स त्यात गेली आणि उरलेल्या प्रतींना हा भाव आला. आपल्याकडे हेच काम रद्दीच्या काट्यानं आणि चिवड्याच्या पुड्यांनी केलं. आपल्या पेटीतून कोटी काही निघणार नाहीत, पण जे निघेल ते पावसाळ्यात घालवायचं नसेल तर हाती पंधरा-वीस दिवस आहेत.

विदर्भातल्या पेट्यांत बहुधा दोन थर असतात. वरचा हिंदी. नागराज १९८६ चा, त्याच्या मागून सुपर कमांडो ध्रुव. सुरुवातीच्या नागराजची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची आहेत, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. खालचा थर मराठी इंद्रजालचा, आणि जपायचा तो आधी हाच. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये थांबलं. एकूण अंक ८०३. पहिल्या ३२ अंकांत फक्त वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम; मांड्रेक वगैरे मंडळी नंतरची, आणि आबिद सुरतींचा बहादूर १९७६ चा. वेताळाचं जंगल इथे ‘डेंकाली’ झालं, कारण मूळचं नाव बंगालशी जुळत होतं. मुखपृष्ठं भारतातच रंगवली जात, म्हणून परदेशातले वेताळप्रेमीही हे अंक शोधतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ४४३ अंकांनंतर सलग क्रमांक बंद होऊन ‘वर्ष २०, अंक १’ अशी मोजणी सुरू झाली. त्यातला नुसता ‘अंक १’ वाचून लोक पहिला अंक सापडल्याचं सांगत सुटतात. आधी वर्ष पाहावं. नवी छपाई जुनी म्हणून कोणी गळ्यात मारत असेल, तर नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कागदावर धरावा. जुना न्यूजप्रिंट मळकट दिसतो, आताचा पांढरा कागद निळसर चमकतो. भिंगाखाली मूळ छपाईचे रंगीत ठिपके सुटे दिसतात. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या प्रतीत ठिपक्यांवर ठिपके चढून गढूळपणा येतो.

आता साठवणीचं. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन उजेड आणि हवा लागून पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद आतून मोडतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा नाश ढोबळमानानं दुपटीनं होतो. म्हणजे टिनाखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा. कवेलूचं किंवा धाब्याचं घर असेल तर मधली, बाहेरची भिंत नसलेली खोली निवडावी. मात्र तिथे कुलर नको. आपल्याकडे उन्हाळ्यात जास्त नुकसान करतो तो कुलरच: बाहेर हवा कोरडी ठणठणीत आणि खोलीत दमट, रोज कागद फुगतो आणि आखडतो, पिना गंजतात, पानं लहरी होतात. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. ६५ च्या वर टिकली की बुरशी धरते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते पेटीतच ठेवावं.

भरण्याआधी दोन-तीन दिवस कुलर बंद ठेवावा आणि काम पहाटे करावं. दुपारच्या कोरड्या हवेत जुना अंक उलगडला तर घडीवर तडकतो. प्रत्येक अंक वेगळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घालावा, म्हणजे कपड्यांच्या पॅकिंगची करकर वाजणारी पिशवी. मऊ, वासाची, एकमेकींना चिकटणारी पीव्हीसीची नको. ती आम्ल सोडते आणि शाई ओढून घेते. शंका असेल तर पिशवीचा तुकडा पाण्यात बुडवून सोडावा: पॉलिप्रॉपिलीन वर येतं, पीव्हीसी तळाशी जातं. पिशवीच्या झाकणावरची डिंकपट्टी कापून टाकावी, नाहीतर अंक बाहेर काढताना मुखपृष्ठ तिला चिकटून फाटतं. चांगल्या प्रती सर्वांत जास्त याच कारणानं खराब झालेल्या दिसतात. मागे आम्लरहित कार्ड घालावं. बुटाच्या खोक्याचा राखाडी पुठ्ठा दोन-चार वर्षांत डाग पाडतो.

पेटी जमिनीवर टेकवू नये. चार विटांवर, भिंतीपासून चार-पाच बोटं लांब ठेवावी. म्हणजे उधळीची (वाळवीची) मातीची नळी चढताना दिसते. दर आठवड्याला मागे टॉर्च मारावा. डांबराच्या गोळ्या पिशवीत घालू नयेत. बुटांच्या खोक्यांतल्या जुन्या सिलिका पुड्यांनी ओलावा आधीच पिऊन घेतलेला असतो, त्यांचा उपयोग नाही. रंग बदलणारे नवे दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात १०० ग्रॅम पुरतात, पण रंग पालटला की बदलायचे.

कसर लागली असेल तर अंक दोन पिशव्यांत बंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. भिजलेला अंक उन्हात वाळवू नये. टिपकागद पानापानांत घालून, तो बदलत, पंख्याखाली सावलीत वाळवावा. फाटल्या जागी सेलोटेप लावली की काही वर्षांत टेप गळून पडते आणि तिच्या गोंदाचा तपकिरी डाग उरतो. गव्हाची खळ चिकटते खरी, पण कसरीला जेवण होते. पातळ जपानी कागद आणि मिथाइल सेल्युलोजचा गोंद बरा. लॅमिनेशन तर कधीच नाही, ते पुन्हा निघत नाही.

शेवटी गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यवाहांना विनंती. जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची यादी करताना बालविभागातले मराठी इंद्रजाल ‘फाटकी मासिके, किलो’ या ओळीत घालू नका. मुखपृष्ठ नसलं तरी आतली पानं पूर्ण असतील तर क्रमांक, वर्ष आणि पानसंख्या वहीत उतरवा, मुखपृष्ठ (असेल तर) व आतलं पहिलं पान मोबाइलवर टिपा आणि गठ्ठा सुतळीनं न आवळता आडवा ठेवा. सुतळीचा वळ मुखपृष्ठावर कायमचा राहतो.

आपला,
एक वाचक
ता. मोर्शी, जि. अमरावती