बॅटरीचा दोष नव्हता, बाबा

बडोदे,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल पहाटे सुखरूप पोचले. आई, शेवेचा डबा बसमध्ये दप्तरात जपून ठेवला होता, जराही चुरा झाला नाही.

बाबा, मी पोचल्याचा फोन केला तेव्हा तुम्ही परत तेच म्हणालात. "गाडी आता काढून टाकू, आपल्याच्यानं होत नाही हे." मी गप्प राहिले, कारण मला जे सांगायचं होतं ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. गाडी ठीक झाली हे तुम्ही पाहिलंच आहे. पण ती कशामुळे अडली होती आणि ते मला कुणामुळे सापडलं, हे तुम्हाला पुरतं कळायला हवं.

गुरुवारची सकाळ आठवा. आई किल्लीवर बसली, मी बोनेटपाशी. किल्ली फिरवल्यावर एकच "टक्" झालं, मग इंजिनानं एक कण्हल्यासारखा आवाज काढला आणि थांबलं. बॅटरी बसली असली की बहुतेक वेळा "टकटकटकटक" असा आवाज येतो आणि दिवे अगदी मरगळतात. आपले दिवे जेमतेम मंदावले. हॉर्नही खणखणीत वाजत होता. मी मीटर लावला. किल्ली न फिरवता 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, मारताना 11.7. थकलेली बॅटरी अशा वेळी 9.6 च्याही खाली घसरते. आपली फारशी ढळलीच नाही. तिच्याकडे द्यायला पुष्कळ होतं, पण घेणाऱ्यापर्यंत ते पोचत नव्हतं.

याच बॅटरीच्या नावाखाली आठ महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या आणि एक सेल्फ बदलला गेला! तुम्ही त्या मिस्त्रीला सांगितलंही होतं की बॅटरी नवी आहे, दुसरं काहीतरी बघ. त्यानं ऐकलं नाही, आणि त्यानंतर तुम्ही स्वतःवरच शंका घ्यायला लागलात. मला खरा राग आला तो याचा. पैसे गेले त्याचा तेवढा नाही.

बाबा, इंदूरजवळच्या सांवेरकडचा तो शेतकरी आठवतो? मी दहा वर्षांची असेन, तुमच्या स्कूटरवर मागे बसून आले होते. विहिरीवरची मोटर चालत नव्हती आणि तो सारखा सांगत होता, "साहेब, लाइट तो है, बल्ब जल रहा है." तुम्ही वर खांबाकडे बघत मला म्हणालात, "बल्ब लागतो म्हणून वायर चांगली असं समजू नकोस. बल्बाला घोटभर पाणी पुरतं, मोटरला पाट लागतो." मग खांबावर चढून तुम्ही ढिला जम्पर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, दाखवलात, सांध्यावर काळा पडलेला. तो आवळला आणि पाइपातून पाणी धो धो आलं. विद्युत मंडळातल्या तुमच्या सगळ्या नोकरीतलं हे एकच दृश्य माझ्या मनात इतकं स्वच्छ राहिलं आहे.

गाडीत तेच झालं होतं. दिवा आणि हॉर्न म्हणजे तो बल्ब, सेल्फ म्हणजे मोटर. सेल्फला दीडशे अँपिअरच्या आसपास करंट लागतो. एवढा करंट वाहताना एखाद्या सांध्यात नुसता एक शतांश ओहम रोध असला तरी दीड व्होल्ट तिथेच जिरतो. गाडी बंद असताना तोच सांधा मीटरला निर्दोष दिसतो. म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना.

मग मी तीन ठिकाणी मोजलं, तिन्ही वेळा आईनं किल्ली फिरवली. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत 0.2 व्होल्ट. अर्ध्या व्होल्टाच्या आत असलं की चालतं. मायनसपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत मात्र 6.8! तिथे 0.2 च्या वर जायला नको. मायनसपासून बॉडीपर्यंत आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक आणि बॉडी ते इंजिन तुटलेलं. जम्पर केबलचा एक चिमटा मायनसला, दुसरा इंजिनाला लावला आणि पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. आई, तू आतून "अगो बाई" म्हणून ओरडलीस, ते अजून कानात आहे.

दोष होता त्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीत, जी इंजिनाला बॉडीशी जोडते. गिअरबॉक्सच्या खाली असल्यामुळे कुणाच्या नजरेला पडली नाही. मी काढून हातात घेतली तेव्हा ती हिरवी झाली होती, चार-पाच तारा काय त्या शाबूत होत्या, आणि बोल्टाखाली गंजाचा पापुद्रा होता. छोट्या ग्वालटोलीच्या बाजारात नवी मिळाली, सव्वादोनशे रुपयांना. दोन्ही टोकांखालचा धातू पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, आवळली, वरून व्हॅसलिन लावलं. नंतर मोजलं तर 0.08.

आता एक गोष्ट आई, तुझ्यासाठी. तू मार्चपासून सांगत होतीस की गाडी सुरू करताना जळका वास येतो. कुणी मनावर घेतलं नाही, मीसुद्धा फोनवर ऐकून सोडून दिलं. चूक झाली माझी. पट्टी तुटल्यावर करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि त्याला क्लचची केबल सापडली होती. एवढ्याशा केबलमधून तो जायचा, ती तापायची, वरचं प्लास्टिक वितळायचं. वर्षात दोनदा क्लच केबल जड झाली म्हणून बदलली, ती यामुळेच. सगळ्यात पहिला पुरावा तुझ्या नाकाला मिळाला होता.

मीटर मी टेबलाच्या वरच्या खणात ठेवला आहे, मुद्दाम मोठ्या आकड्यांचा आणि दिव्याचा घेतला. पुन्हा गाडी अडली तर मिस्त्रीला बोलवायच्या आधी तुम्ही दोघांनी हेच करा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पंख्यापासून आणि बेल्टपासून हात आणि आईचा पदर दूर. किल्ली आई फिरवेल, मीटर तुम्ही धरा. आकडे मागच्या वीजबिलाच्या पाठीवर लिहा आणि मिस्त्रीच्या समोर ठेवा. पूर्ण शांतता असेल, "टक्"सुद्धा नसेल, तर आधी फ्यूज, रिले आणि क्लचखालचा स्विच बघायला सांगा. टर्मिनल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. तुम्हाला हे सांगायला नको, पण मिस्त्रीच्या त्या नव्या पोऱ्याला सांगा. अँपिअर मात्र मोजू नका. लाल वायर अँपिअरच्या भोकात विसरून बॅटरीला लागली तर सरळ शॉर्ट होतो. बंद गाडीत करंट झिरपतोय का ते मी पाहून आले आहे: 22 मिलिअँपिअर, 50 च्या आत असला की काळजी नाही.

गाडी विकू नका, बाबा. चौदा वर्षांची असली तरी इंजिन उत्तम आहे. आणि आठ महिने तुम्ही दोघं बुधवारी खजराण्याच्या गणपतीला रिक्षानं गेलात किंवा गेलाच नाहीत, हे मला चालणार नाही. तुमचं निदान बरोबर होतं. तुम्ही मला शिकवलेलं मी तुमच्याच अंगणात वापरलं, एवढंच.

या बुधवारी गाडीनं जा. परत आल्यावर इंजिन चालू असतानाच बॅटरीवर मीटर लावा. 13.8 ते 14.5 च्या मध्ये यायला हवं. जो आकडा येईल तो रात्री फोनवर सांगा, मी वाट बघते.

तुमची लेक