कार्ड बदलण्याआधी तपासणी हवी

संपादक महोदय,

पावसाळा लागला की म्हापसा, पणजी, वास्कोतल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत 'पडदा काळा पडतो' ही तक्रार वाढते. त्यावर 'ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) गेलं, नवं घाला' एवढंच सांगून हजारो रुपयांचा खर्च ग्राहकाच्या माथी मारणं बरोबर नाही.

आधी केबल आणि मॉनिटर बदलून पाहावा. मग संगणक सुरू करून बायॉस (विंडोजआधी दिसणारा मूळ सेटिंगचा पडदा) उघडावं. तिथेच रंगीत ठिपके, रेघा दिसल्या तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, निर्दोष. विंडोजचा ड्रायव्हर तोवर चालूच झालेला नसतो. बायॉस स्वच्छ, पण विंडोजमध्ये पडदा क्षणभर जाऊन परत येत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाची नोंद शोधावी. कार्डाने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, त्याची ती नोंद. मात्र तेवढ्यावरून कार्ड दोषी ठरत नाही. आधी ड्रायव्हर साफ करून पुन्हा घालावा, मग दुसरा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) लावून पाहावा, कार्डाचा नंबर शेवटी.

किनाऱ्यालगतच्या घरांत आणखी एक गोष्ट बघावी. वीज बंद करून, प्लग काढून कार्ड बाहेर घ्यावं. कार्ड बसतं त्या स्लॉटच्या टोकाची प्लास्टिकची खिटी दाबल्याशिवाय ओढू नये, ती तुटते. कार्डाच्या सोनेरी दातांवर काळपट-हिरवट डाग असतील तर तो खाऱ्या दमट हवेचा प्रताप. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून, पूर्ण वाळवून परत बसवावं. हीट गनने कार्ड 'भाजून' देण्याच्या दुरुस्तीवर मात्र पैसे घालवू नयेत, ती बहुधा काही आठवडेच टिकते.

नवं कार्ड घेताना कॅबिनेटमधली जागा मिलिमीटरमध्ये मोजावी आणि एसएमपीएसवरचे वॅट वाचावेत. स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात, एसएमपीएसच्या ८ पिनच्या जोडणीतून १५०. आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड, त्याला ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस लागतो. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलला अडॅप्टर जोडून ८ पिन करणं धोक्याचं, केबल वितळते. जुन्या बाजारात एनव्हिडिया कंपनीची जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही कार्डं स्वस्त मिळतात. पण एनव्हिडियाने त्यांचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. किंमत ठरवताना हे धरावं.

ड्रायव्हर सर्वांत नवा तो सर्वांत चांगला, हा समज सोडावा. रोजच्या कामाला एनव्हिडियाचा 'स्टुडिओ' आणि एएमडी या दुसऱ्या कंपनीचा 'रेकमेंडेड' शिक्क्याचा ड्रायव्हर घ्यावा. एनव्हिडियाच्या जागी एएमडीचं कार्ड, किंवा उलट, असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष काढणं अगत्याचं: नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवावा, इंटरनेट तोडावं, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर चालवावं, मग नवा घालावा. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. जो ड्रायव्हर महिनाभर सुरळीत चालला, त्याची फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी.

दुकानदारांना विनंती, कोणती तपासणी केली आणि दोष कशात सापडला हे बिलावर लिहा, आणि काढलेलं कार्ड ग्राहकाच्या हाती परत द्या.

– एक संगणक तंत्रज्ञ, म्हापसा