उंदीर हुशार ठरला, पण कोणत्या चाचणीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुक बदलून प्राण्यांची बुद्धी वाढवल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. चाचणी कोणती घेतली, हे मात्र त्यांत बहुधा नसते.

१९९९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात ज्यो त्सिएन यांच्या गटाने उंदरांच्या अग्रमेंदूत एनआर२बी हे प्रथिन जास्त तयार होईल असा बदल केला. त्यामुळे एनएमडीए ग्राहीची (चेतापेशीवरच्या, संदेश झेलणाऱ्या प्रथिनाची) वाहिनी किंचित जास्त वेळ उघडी राहते आणि चेतापेशींमधले दुवे लवकर बळकट होतात. पाहिलेली वस्तू हे उंदीर जास्त दिवस ओळखत. पण सूज आल्यावर होणारी (दाहाची) वेदनाही त्यांना अधिक जाणवते, हे २००१ मध्ये दिसून आले. त्याची बातमी फारशी कुठे वाचायला मिळत नाही.

आता मोजमापाचे. उंदराची स्मृती तपासायला गढूळ केलेल्या पाण्याच्या गोल हौदात, पृष्ठभागाच्या साधारण १ सेंटिमीटर खाली चौथरा लपवतात. उंदराला रोज ४ वेळा, असे पाच-सहा दिवस पोहायला सोडतात. शेवटी चौथरा काढून घेतात आणि ६० सेकंदांत उंदीर कोणत्या भागात जास्त घुटमळतो ते पाहतात. इथे गफलत सहज होते. वेगाने पोहणारा किंवा कमी घाबरणारा उंदीरही लवकर पोहोचतो. म्हणून नुसती वेळ नव्हे, कापलेले अंतर आणि वेगही बघावा लागतो. दिसणारा चौथरा ठेवून नजर तपासावी लागते. सी३एच आणि एफव्हीबी वाणाचे उंदीर तर दृष्टिपटल झिजवणाऱ्या जनुकामुळे काही आठवड्यांतच आंधळे होतात. संकरात ते जनुक शिरले, तर आंधळा उंदीर 'मठ्ठ' ठरतो. तुलना त्याच वेतातल्या, बदल न झालेल्या भावंडांशीच हवी. शिवाय टोचलेले जनुक गुणसूत्रावर कुठेही बसते, दुसरे जनुक मोडू शकते. म्हणून किमान दोन स्वतंत्र वंशांत तोच परिणाम दिसायला हवा.

माकडांबाबत माझे मत कडक आहे. २०१९ मध्ये चीनमधल्या कुनमिंगच्या संशोधकांनी मेंदूच्या वाढीशी संबंधित मानवी एमसीपीएच१ जनुक घातलेली ११ ऱ्हीसस माकडे जन्माला घातल्याचे जाहीर केले. अल्पकालीन स्मृती सुधारली, मेंदूची वाढ लांबली, आकार वाढला नाही. स्मृतीच्या चाचण्या मोजक्याच माकडांवर झाल्या. एवढ्यावर 'बुद्धी वाढली' म्हणणे घाईचे आहे. २०२० मध्ये जर्मन-जपानी गटाने मेंदूच्या वाढीशीच संबंधित मानवी एआरएचजीएपी११बी जनुक मार्मोसेट या छोट्या माकडांत घातले, तेव्हा १०१ दिवसांचे गर्भच तपासले, पिल्ले जन्माला येऊ दिली नाहीत. तो संयम मला योग्य वाटतो.

अशा प्रयोगाला परवानगी देताना नीतिसमितीने स्मृतीइतकेच वेदना आणि भीतीचे मोजमाप सक्तीचे करावे आणि प्रयोगानंतर त्या प्राण्याचे काय करणार, हे आधी लिहून घ्यावे. आपणही बातमीत चाचणीचे नाव आणि प्राण्यांची संख्या छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक