'यहोवा' हा मूळ उच्चार नव्हे

संपादक महोदय,

नाताळ पुरवणीतील लेखात 'यहोवा' हा देवाच्या हिब्रू नावाचा मूळ उच्चार म्हणून छापला आहे. तो तसा नाही. हिब्रू पोथ्यांत हे नाव योद, हे, वाव, हे अशा चार व्यंजनांत लिहिलेले असून ते सुमारे ६,८०० वेळा येते. नुसते क आणि ळ लिहिले तर केळी, काळ, कुळ, कोळी यांतले काहीही वाचता येईल, तशी ती स्वर न लिहिणारी लिपी. हे नाव तोंडाने घ्यायचे नाही असा यहुदी रिवाज पडला आणि वाचक त्या जागी 'अदोनाय' म्हणजे प्रभू म्हणू लागले. पुढे मासोरेती पंडितांनी, म्हणजे हिब्रू शास्त्राचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, पोथ्यांना स्वरचिन्हे दिली, तेव्हा या चार अक्षरांवर 'अदोनाय'चेच स्वर घातले. ती केवळ वाचणाऱ्यासाठी खूण होती. मध्ययुगीन युरोपात ती व्यंजने आणि हे स्वर एकत्र वाचले गेले, त्यातून 'यहोवा' झाला. बहुतेक अभ्यासक मूळ उच्चार 'याहवे' मानतात. 'हालेलूया'च्या शेवटचा 'या' हे त्याचेच लघुरूप आहे.

प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात चार अक्षरी नावाला 'परमेश्वर', 'एलोहीम'ला 'देव' आणि 'अदोनाय'ला 'प्रभू' ही वाटणी आहे. ती चांगली आहे, मोडू नये. स्तोत्र ११०:१ पाहा: 'परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो'. दोन्हीकडे 'प्रभू' घातले की कोण कोणाशी बोलतो तेच कळत नाही.

'एलोहीम'चे रूप अनेकवचनी आहे, पण उत्पत्ती १:१ मध्ये क्रियापद एकवचनी आहे. म्हणून तिथे आदरार्थी 'देवांनी' लिहू नये, 'देवाने'च लिहावे. निर्गम २०:३ मध्ये मात्र हाच शब्द 'अन्य देव' अशा अनेकवचनी अर्थाने येतो.

अहिराणी, भिली, मावचीत भाषांतर करणाऱ्यांनी पहिल्या ओळीआधीच तिन्ही नावांचे शब्द ठरवून घ्यावेत आणि वरची तीन वचने लावून तपासावेत. 'याहवे' जसेच्या तसे उतरवण्याआधी गावात मोठ्याने वाचून पाहावे. सातपुड्यात 'याहा' म्हणजे आई, तिथल्या आदिवासींची देवी याहामोगी माता हिच्या नावातही तोच शब्द आहे. ऐकणाऱ्याचे मन आधी तिकडेच जाईल.

– एक वाचक, नवापूर (जि. नंदुरबार)