तारेचा उजवा पाय

प्रिय मित्रा,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आणि सोबतचे दोन्ही फोटो मिळाले. दोन ओळींत उत्तर पाठवता आलं असतं, पण तू प्रश्नच असे विचारलेस की मला नीट बसून लिहावंसं वाटलं. घरात ठेवायला हिरव्या तारेची, म्हणजे तिबेट-नेपाळातल्या बौद्धांच्या करुणेच्या देवीची, मूर्ती घ्यायची तर या दोनांतली कोणती, हा तुझा प्रश्न. आणि ‘आपल्या धम्मात देवी कुठून आली?’ हा मावशींचा. दोन्हींकडे जायचा रस्ता मला एकच दिसतो, मूर्तीच्या पायापासून सुरू होणारा.

पहिल्या फोटोतली मूर्ती पटकन नजरेत भरते. सोनेरी झळाळी, मुकुटात खडे, प्रभावळ केवढी मोठी! पण तिचा उजवा पाय बघ. दोन्ही पाय मांडी घालून दुमडलेले आहेत. हिरवी तारा अशी बसत नाही. तिचा डावा पाय ध्यानातल्यासारखा दुमडलेला असतो आणि उजवा आसनावरून खाली उतरून एका छोट्या कमळावर टेकलेला असतो. मांडी घालून बसते ती पांढरी तारा. मग ही पांढरी म्हणावी, तर तिला सात डोळे हवेत: चेहऱ्यावर तीन, दोन्ही तळहातांवर एकेक आणि दोन्ही तळपायांवर एकेक. तुझ्या फोटोत तळहात कोरे आहेत. म्हणजे ही ना हिरवी, ना पांढरी. विकणाऱ्याने नाव दिलंय एवढंच.

पायावर इतकं का अडायचं, असं तुला वाटेल. मला तर त्या पायातच सगळी तारा दिसते. डावा पाय आत वळलेला, कारण तिचं ध्यान मोडलेलं नाही. उजवा खाली सोडलेला, कारण हाक आली की तिला उठायचंय. आपण कोणाची वाट बघताना खुर्चीच्या कडेशी बसतो ना, तशी ती शेकडो वर्षं बसली आहे. मूर्तिकाराने हा पाय आत घेतला की तिचं उठणंच गेलं. उरते एक सुंदर बाई.

हातांचंही तसंच. उजवा हात गुडघ्यावरून पुढे आलेला, तळवा समोर, बोटं खाली. ही वरद मुद्रा, देणाऱ्याचा हात. डावा हात छातीपाशी. अंगठा आणि अनामिका जुळलेली, त्यांत निळ्या कमळाचा देठ, आणि उरलेली तीन बोटं सरळ वर. ही तीन बोटं म्हणजे त्रिरत्न: बुद्ध, धम्म आणि संघ. मावशींना एवढं नक्की दाखव. त्या रोज सकाळी जे त्रिसरण म्हणतात, तेच या बोटांवर आहे. कमळाच्या देठावर पुष्कळदा तीन फुलं असतात, एक कळी, एक उमललेलं, एक बी धरलेलं. भविष्य, वर्तमान आणि भूतकाळ. आणि हिरवा रंग पाच ध्यानी बुद्धांपैकी, म्हणजे ध्यानात डोळ्यांपुढे आणायच्या पाच बुद्धांपैकी, अमोघसिद्धीच्या कुळाचा, म्हणजे कृतीचा. रंगानेही तेच सांगितलंय जे पायाने सांगितलं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. तो रास्त आहे आणि त्याला गोड बोलून बगल देऊ नकोस. बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत वाढलो. १९५६ साली नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा मावशींना तोंडपाठ आहेत. त्यांना तारा हा मागच्या दाराने आलेला देव वाटला, तर त्यात चूक काय? पण तिबेटी आणि नेवार (काठमांडू खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांच्या) परंपरेत तारा जग निर्माण करणारी नाही. ध्यानाला बसलेला माणूस तिचं रूप डोळ्यांपुढे उभं करतो, ते पाय, ते हात, तो रंग, आणि ती करुणा स्वतःत आणायचा सराव करतो. सराव संपला की ते रूप विरघळवून टाकतो. हा शेवटचा भाग फार लोक सांगत नाहीत. मावशींना हे पटलंच पाहिजे असं नाही. नाही पटलं तर मूर्ती तुझ्या खोलीत ठेव, बैठकीत नको.

तिची कथा मात्र त्यांना जरूर सांग. तारानाथ नावाच्या तिबेटी पंडिताने १६०४ मध्ये ती लिहून ठेवली. ज्ञानचंद्रा नावाची एक राजकन्या फार मोठी साधना करते. भिक्खू तिला सल्ला देतात, ‘आता पुढच्या जन्मी पुरुष हो, म्हणजे तुझं काम पूर्ण होईल.’ ती म्हणते की स्त्री आणि पुरुष हे भेद खरे नाहीत, दुर्बळ मनाची माणसंच त्यांत अडकतात. आणि पुरुषाच्या देहात राहून बोधी मिळवू पाहणारे पुष्कळ आहेत, तेव्हा संसार रिकामा होईपर्यंत मी स्त्रीच्याच देहात काम करीन. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

आणि तारा काही फक्त बर्फातली नाही. औरंगाबादची सात नंबरची लेणी आठवते? दाराशी अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत: आग, तलवार उगारलेला दरोडेखोर, बेड्या, फुटणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. सहाव्या शतकातलं काम. व्यापारी तांडे आणि जहाजं घेऊन जाणाऱ्या लोकांची ही खरीखुरी भीती होती. त्याच लेणीत गाभाऱ्याच्या दाराशी सखींसह उभ्या असलेल्या स्त्रीमूर्तींतली एक तारा असल्याचं अभ्यासक मानतात. पुढे अष्टमहाभयातून सोडवणारी म्हणून हीच तारा ओळखली गेली, आणि तिबेटात त्या आठ भयांना मनातले अर्थ मिळाले. सिंह म्हणजे गर्व, हत्ती म्हणजे अज्ञान, आग म्हणजे राग, साप म्हणजे मत्सर, बेड्या म्हणजे कंजूषपणा, पूर म्हणजे आसक्ती, चोर म्हणजे चुकीच्या समजुती, पिशाच म्हणजे संशय. मला दोन्ही यादी आवडतात. बुडणाऱ्या जहाजावरच्या माणसाला आसक्तीचा अर्थ नको असतो, हात हवा असतो.

आता कारागिरीकडे वळतो. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, रागावू नकोस.

नेपाळमधल्या पाटणला, ज्याला ललितपूरही म्हणतात, मी एका कारखान्यात तीन दिवस नुसता बसून होतो. ओकु बहाल आणि महाबौद्ध या भागांत शाक्य घराण्यांचं ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आपल्याकडे पूर्वी ओतारी आणि तांबट होते, तसंच हे. भारतातले मोठे बौद्ध विहार उद्ध्वस्त झाले, तरी बंगाल-बिहारच्या पाल राजांच्या काळातली मूर्तिकला ज्यांच्या हातांत टिकली त्यांत हे नेवार कारागीर पहिले. त्यांच्यातलाच अरनिको १२६० च्या सुमारास ऐंशी कारागिरांना घेऊन तिबेटात गेला. तिथून चीनचा मंगोल सम्राट कुबलाई खान याच्या दरबारी. बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याचाच, आणि तो अजून उभा आहे.

या ओतकामाला संस्कृतात मधूच्छिष्ट विधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचं उष्टं, मेण! इतका सुंदर शब्द आपण वापरातून घालवला. मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळतात, म्हणजे त्याला घट्टपणा येतो. शेगडीपाशी धरून ते मऊ करतात आणि म्हशीच्या शिंगाच्या हत्यारांनी मूर्ती घडवतात. मूर्ती आतून पोकळ असते, मेणाची भिंत पातळ आणि सगळीकडे सारखी. मी बसलो होतो तेव्हा एक तरुण मुलगा मेणाच्या बोटांची नखं काढत होता. प्रत्येक नख वेगळं. मी घाबरून श्वास रोखून धरला होता, तो मात्र गुणगुणत होता.

मग बारीक माती आणि शेणाचं पाणीदार लेपन. ते वाळलं की पुन्हा. वर भाताचं तूस घातलेल्या जाड मातीचे थर. वाळायला दिवसच्या दिवस जातात. घाई केली तर तडा जातो आणि मेणातलं सगळं काम वाया. साचा तापवून मेण काढून टाकतात आणि त्या रिकाम्या जागेत वितळलेलं तांबं ओततात. तांबं वितळायला सुमारे १,०८५ अंश सेल्सियस लागतात. साचाही तापलेलाच हवा, नाहीतर धातू बोटांच्या टोकांपर्यंत पोचायच्या आधीच थिजतो. गार झालं की साचा फोडतात. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. आतून निघते ती काळी, खडबडीत, नळ्यांच्या तुकड्यांसकट. एक हात अर्धवट आलेला मी पाहिला. कोणीही काही बोललं नाही. तो भाग पुन्हा ओतून जोडायची तयारी सुरू झाली.

त्यानंतरचं कोरीवकाम सगळ्यात लांबतं. छिन्नी आणि हातोडीने वस्त्रावरची नक्षी, केसांच्या बटा, दागिन्यांचे मणी, आणि हे काम ओतणाऱ्याचं नसतं, वेगळ्या हाताचं असतं. मेण एकाचं, ओतणं दुसऱ्याचं, कोरणं तिसऱ्याचं, मुलामा चौथ्याचं, चेहरा रंगवणारा पाचवा. सगळ्यांना बांधून ठेवतं ते माप. मूर्तीची उंची अंगुळांत ठरते आणि हे अंगूळ मूर्तीचं स्वतःचं असतं, म्हणून चार बोटांच्या मूर्तीला आणि चार पुरुष उंचीच्या मूर्तीला तेच प्रमाण लागतं. बुद्धाची उंची एका परंपरेत १२० अंगुळं, दुसरीत १२५. कारागिराला मोकळीक कुठे राहते, असं मी विचारलं. त्याने मूर्तीचे ओठ दाखवले.

मुलाम्याबद्दल मला तुला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. जुन्या रीतीत सोनं पाऱ्यात घोटून त्याचा लेप तांब्यावर चढवतात आणि तापवून पारा उडवतात. मागे राहिलेलं सोनं अकिकाच्या दगडाने घोटलं की जी मऊ कांती येते, तिला तोड नाही. पण उडालेला पारा मुलामा देणाऱ्याच्या फुप्फुसात जातो. त्या धुरात उभा राहिलेला माणूस पाहिल्यावर मला ती कांती पूर्वीसारखी बघता येईना. करुणेच्या मूर्तीसाठी एका माणसाने विष ओढावं, हे मला सहन होत नाही. म्हणून माझं मत, बिनमुलाम्याचं तांबं घे. वर्षानुवर्षांत ते आपोआप गडद होतं आणि चेहरा जास्त बोलका दिसतो.

म्हणजे तुझ्या दुसऱ्या फोटोतली. ती साधी आहे, खडे नाहीत, पण उजवा पाय बरोबर आहे, तीन बोटं सुटी आहेत, कमळाचा देठ हातातून निघून खांद्यापर्यंत एका ओघात गेलाय. फक्त विकणारा तिला ‘फार जुनी’ म्हणतोय, ते मला खटकलं. रसायनं लावून नवी मूर्ती जुनी करणं सर्रास चालतं. आणि ती खरंच जुनी असेल तर अजिबात घेऊ नकोस. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती नेपाळबाहेर नेता येत नाही, आणि नवी नेतानाही तिथल्या पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो. पाटणच्या पाटको टोलमधली लक्ष्मीनारायणाची दगडी मूर्ती १९८४ मध्ये चोरीला गेली, अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात पोचली, आणि २०२१ मध्ये परत आली. मधल्या काळात लोक तिच्या जागी ठेवलेल्या प्रतिकृतीला फुलं वाहत होते. तुझ्या फडताळात दुसऱ्या कोणाच्या गल्लीतली देवता नको. ‘नवीच द्या, कोणी घडवली ते सांगा’ असं निक्षून म्हण. चांगला कारागीर हे ऐकून खूष होईल.

मूर्ती घरी आली की तळाची पट्टी उघडू नकोस. तिथे तांब्याच्या पत्र्यावर विश्ववज्र, म्हणजे एकमेकांना छेदणारी दोन वज्रं, कोरलेलं असेल तर मूर्ती भरलेली असू शकते: आत मधोमध लाकडाचा दांडा, त्याला जीववृक्ष म्हणतात, आणि भोवती मंत्र लिहिलेल्या कागदांच्या घट्ट गुंडाळ्या. तळ उघडाच असेल तर ती रिकामी आहे, त्यातही काही बिघडत नाही. ठेवताना बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर ठेव, जमिनीवर नको. तारेपुढे अर्पण म्हणून पाण्याच्या सात वाट्या मांडायच्या असतील तर दोन वाट्यांत जवाच्या दाण्याएवढं अंतर, सकाळी डावीकडून भरत जायचं, संध्याकाळी रिकाम्या करायच्या. पाणीच का? कारण ते देताना कोणालाही ‘मी केवढं दिलं’ असं वाटत नाही. हे मला कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं होतं, आणि मी अजून रोज वाट्या भरताना ते आठवतो.

आता एक काम कर. दुसऱ्या मूर्तीच्या पाठीचा फोटो मागव. समोरची बाजू सगळेच नीट करतात. पाठीवरून उतरलेली केसांची बट, कमरेच्या वस्त्राची गाठ, मागच्या कमळाच्या पाकळ्या, हे कोरलेलं असेल तर लगेच घे. आणि डाव्या हाताचा जवळून एक फोटो मावशींना दाखव. त्या काय म्हणतात ते मला त्यांच्याच शब्दांत कळव.

तुझाच,
जिवलग