कॅम्पर घरी बांधा, पण भार टाकून तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकअपच्या हौद्यात झोपायची सोय, फ्रीज आणि दुसरी बॅटरी बसवून लांबच्या सफरीला निघणाऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लाकूडकाम आणि खर्च यांची माहिती उपयुक्त आहे. वायरिंग मात्र दोन ओळींत उरकलं आहे आणि काम झाल्यावर ते तपासायचं कसं, याचा उल्लेखच नाही. आग लागते ती बहुधा याच दोन ओळींतून, म्हणून हे पत्र.

घराचं वायरिंग करणारा कुशल कारागीरही गाडीत चुकतो, कारण त्याचा अंदाज २३० व्होल्टवर बसलेला असतो. तेवढ्याच वॉटसाठी १२ व्होल्टवर सुमारे १९ पट करंट लागतो. घरात एसीला पुरणारी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर इथे तोकडी पडते. इंजिनाजवळच्या बॅटरीपासून हौद्यापर्यंत वायर वळणावळणाने ५ मीटर जाते, येऊन-जाऊन १० मीटर. तिच्यातून ३० अँपिअर नेले तर ४ स्क्वेअरमध्ये जवळजवळ १.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणजे जवळपास ४० वॉटची उष्णता, तीही कार्पेटखाली. १६ स्क्वेअरमध्ये हीच घट ०.३३ व्होल्टवर येते. त्यातून डीसी-टू-डीसी चार्जर (पुढच्या बॅटरीकडून वीज घेऊन मागची बॅटरी भरणारं उपकरण) व्होल्ट कमी मिळाले की जास्त करंट ओढून भरपाई करतो, त्यामुळे बारीक वायर आणखी तापते. चार्जर वाचवून लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राला, जोडणं तर नकोच. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने राबत राहतो आणि तापून जळू शकतो.

दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीला फ्यूज दोन्ही टोकांना हवा. पुष्कळ जण तो फक्त पुढच्या बॅटरीजवळ बसवतात. वायर मध्येच घासून बॉडीला लागली तर पुढचा फ्यूज उडतो, पण मागची बॅटरी त्याच जागी करंट ओतत राहते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. त्याच्या अलीकडच्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडू शकते. साध्या फ्यूजची तार वितळते, तरी आत ठिणगीची कमान टिकू शकते. म्हणून मुख्य फ्यूज क्लास-टी प्रकारचा घ्यावा. तो महाग आहे, पण काटकसरीची जागा ही नव्हे. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ९० ते १०० अँपिअर ओढतो. त्याची वायर मीटरभराच्या आत ठेवून ३५ स्क्वेअरची घ्यावी.

थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा जोड) पक्कडीने चेपू नये, हातोडीने तर नाहीच. वायरीच्या मापाचा साचा लावून हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने दाबावं आणि मग दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहावं. वरून डाग (सोल्डर) देऊन ‘पक्कं’ करण्याची सवयही सोडावी. डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवा. बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत जादा उपकरणांचं निगेटिव्ह थेट टर्मिनलवर नेऊ नये. ते कंपनीने दिलेल्या बॉडी अर्थवर, रंग खरवडून जोडावं. नाहीतर सेन्सरला तो करंट दिसत नाही.

आता तपासणी. दिवा लागला, मीटरवर १२.८ दिसले, की काम संपलं असं समजलं जातं. पण करंट वाहत नसेल तर एकाच तंतूवर लोंबणारी वायरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवते. इंजिन चालू ठेवून चार्जर पूर्ण भारावर आणावा. मल्टिमीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर (क्लिपवर नव्हे) आणि दुसरी चार्जरच्या पॉझिटिव्ह इनपुटवर टेकवावी. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या बाजूला हरवत आहेत. वरच्या १६ स्क्वेअरच्या उदाहरणात तो ०.२५ च्या आत असला तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला, तर दुसरी पिन एकेक जोड मागे आणत जावी; आकडा जिथे एकदम पडतो, तिथला जोड खराब. हेच निगेटिव्हवर करावं, कारण अर्धे दोष तिथे निघतात. अर्ध्या तासाने प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन पाहावा. शेवटी सगळं बंद करून डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरने) गळती मोजावी. १०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. गाडी दोन आठवडे उभी राहिली तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून खाली येते.

ही तपासणी बसवणाऱ्याने एकट्याने करू नये. दुसऱ्या माणसाच्या हाती वायरिंगचा नकाशा आणि मीटर द्यावा, काही समजावून सांगू नये. प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढावी आणि १०० किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवून रेघा व व्होल्ट पुन्हा पाहावेत.

गॅसबद्दल थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद आणि तळाला बाहेर उघडा हवा. जोडांवर साबणाचं पाणी लावावं, गाडी फिरवून आणल्यावर पुन्हा लावावं. लडाख-स्पितीसाठी डिझेल हीटर बसवणाऱ्यांनी धुराच्या नळीचा एकही जोड केबिनच्या आत ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म उशाच्या उंचीवर आणि एलपीजीचा जमिनीलगत, असे दोन वेगळे घ्यावेत.

टपाला पाडलेल्या भोकांची खरी परीक्षा कोकणातल्या पावसात होते, पण ती अंगणातही घेता येते. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने पाइपचं पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावं. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवतं. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरावं.

वजन कागदावर धरू नये. १८ मिमी प्लायवूडचा ८ बाय ४ फुटी एक ताव ३० ते ३५ किलोंचा, पाणी लिटरला किलो. सामान आणि माणसांसह गाडी भुईकाट्यावर न्यावी, आधी पूर्ण, मग फक्त मागची चाकं. तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीत मागच्या अॅक्सलमागे ९० सेंटिमीटरवर ८० लिटरची टाकी भरली, तर मागच्या अॅक्सलवर १०४ किलो वाढतात आणि पुढची चाकं २४ किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग सैल वाटतं ते यामुळे. टाकी अॅक्सलच्या पुढे सरकवावी.

कायम बसवलेल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारावं. नंतर विमा कंपनी विचारते.

पुढच्या लेखातल्या खर्चाच्या तक्त्यात क्लास-टी फ्यूज, क्रिंपिंग टूलचं भाडं, डीसी क्लॅम्प मीटर, दोन अलार्म आणि काट्याची पावती या ओळी घालाव्यात, ही विनंती.

आपला,
वाहन-वायरिंगच्या व्यवसायातला एक वाचक, पुणे