तुझ्या दहावीच्या वर्षाबद्दल

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत जेवताना तू बोलून गेलास, "माझ्या दहावीच्या वर्षी तू घरी नव्हतीस." बाबा मान खाली घालून जेवत राहिले, आजीनं सोयाबीनच्या भावाचा विषय काढला, आणि मी भाकर आणायच्या निमित्तानं चुलीकडे गेले. आज रातपाळी करून आले आहे. झोप येत नाही. फोनवर हे मला बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

नव्हते, हे खरं आहे. 2022 साली नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला नंबर लागला तेव्हा मला 34 पूर्ण झाली होती आणि प्रवेशाला वयाची अट 35 ची. तुझी दहावी होऊ देते म्हणून वर्षभर थांबले असते, तर पुढं माझा अर्जच कोणी घेतला नसता. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं. तू 15 वर्षांचा होतास, समजून घेतलं असतंस. मी फक्त बॅग भरली आणि आजीला सांगून वसतिगृहात गेले.

पण ठरलं होतं ते 2017 सालीच. तू पाचवीत होतास, तुला थोडंच आठवत असेल. त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. पंप पाठीवर घेऊन चालायचं म्हणजे औषधाचे फवारे थेट तोंडावर यायचे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले. बाबा संध्याकाळी वावरातून आले ते घामानं निथळत, तोंडातून लाळ गळत होती, समोरचं दिसत नव्हतं. दवाखान्यात सिस्टरनं बॅटरी लावून त्यांचे डोळे पाहिले. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

रात्रभर त्या बाईंना मी पाहत होते. ॲट्रोपिनचं इंजेक्शन, थोड्या वेळानं पुन्हा, मग पुन्हा. दर वेळी छातीवर नळी ठेवून घरघर ऐकायची, नाडी मोजायची, बाहुली पाहायची, कागदावर लिहायचं. पहाटे बाबा तापल्यासारखे लाल झाले आणि बडबडायला लागले. मला वाटलं, गेला माणूस हातचा. त्या म्हणाल्या, "ताई, हे औषध जास्त झाल्याचं लक्षण आहे. डॉक्टरांना सांगून आता कमी करू." कोरड्या पडलेल्या ओठांवर त्यांनी ओला कापूस फिरवला. विषाचं काय आणि औषधाचं काय, हे त्यांना नुसतं बघून कळत होतं. देवाचे आभार मी मानलेच, पण मला ते कळणं हवं होतं.

तोवर मी काय करत होते? लोकांच्या वावरात निंदण, कापूस वेचणी, आणि तुझ्या शाळेत खिचडी. दोन्ही कामं इमानानं केली, त्यांची मला लाज नाही. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी काढली, कला शाखेतून. गावात काय काय बोलले ते तू ऐकलंच आहेस. "पोराच्या शाळेच्या वयात तू कायले शाळेत चालली वो?" आजी मात्र एवढंच म्हणाली, "पोराले मी पाह्यतो, तू जाय." त्या बाईचे उपकार माझ्या कातड्याचे जोडे केले तरी फिटायचे नाहीत.

वसतिगृहातल्या मुली अठरा-एकोणीसच्या. पहिले दोन महिने मी रात्री रडत असे. पुस्तक इंग्रजी, हाडांची नावं मी देवनागरीत लिहून पाठ करायची. आणि गणित! पाचशे मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, सेटमधून एका मिलिलिटरला 20 थेंब पडतात, तर मिनिटाला किती? मी तुला फोन केला. तू म्हणालास, "आई, आधी तासांची मिनिटं कर. 480. आता थेंब किती, दहा हजार. भाग दे." वीस पॉइंट आठ. "21 धर." दुसऱ्या दिवशी तुझा सराव परीक्षेचा पेपर होता, हे मला कितीतरी महिन्यांनी आजीकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. बाबू, हे माझ्या मनाला फार लागून राहिलं आहे.

आता कालच्या रात्रीचं. आमचं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं, रात्री एक डॉक्टर, मी आणि एक मावशी. दहाच्या सुमाराला एक बाई आणली, धुऱ्यावर पायाला साप चावलेला. कुठला ते कोणी पाहिलं नव्हतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. मी काचेच्या कोरड्या नळीत तिचं रक्त घेतलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं त्या नळीला हात लावायचा नसतो. मग तिरकी करून रक्त गोठलं का ते पाहायचं; विष भिनलं असेल तर ते गोठत नाही. तिचा मुलगा उशाशी उभा, आईच्या चपला हातात. सारखा विचारत होता, "वाचंन का माय?" वाचेल असं मी म्हणू शकत नव्हते. सांगितलं, "मी इथून हलणार नाही."

नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी सर्पविषावरच्या औषधाच्या दहा कुप्या सुरू केल्या. मी ॲड्रिनलिन भरून जवळ ठेवलं, कारण त्या औषधाचीच कधी कधी जोरात रिॲक्शन येते, अंगावर पित्त उठतं, रक्तदाब उतरतो. थेंब मोजताना तुझा आवाज कानात होता. सहा तासांनी पुन्हा नळी लावली. या वेळी रक्त गोठलं. मुलगा चपला उशाशी घेऊन बाकावर झोपला होता. त्याला उठवून दाखवलं.

त्याच्याकडे पाहताना तुझं दिवाळीतलं बोलणं आठवलं. तू तक्रार करत नव्हतास, तू फक्त सांगत होतास, आणि मी उठून गेले. तुझं ते वर्ष मला आजीच्या तोंडून कळलंय, तुझ्याकडून नाही. निकालाच्या दिवशी तू कुठं होतास? पहिल्यांदा कोणाला सांगितलंस? रात्री अभ्यासाला कोण उठवायचं?

गुरुवारी माझी सुट्टी आहे. सकाळच्या गाडीनं अमरावतीला येते. तुझा वर्ग सुटेपर्यंत फाटकाशी बसेन. सगळं सांग, मला ऐकायचं आहे.

तुझी,
आई